कोवळ्या रोपांचे पहिले पंधरा दिवस

भातकापणी उरकली, झोडणी होऊन भात घरात आले, की पेण आणि रोहा या दोन्ही तालुक्यांत परसातल्या भाजीची लगबग सुरू होते. वांगी, मिरची, टोमॅटोचे बी वाफ्यावर पडते. दुधी, काकडी, भोपळ्याच्या बिया आळ्यात टोचल्या जातात. मुळा, माठ, मेथी यांची पेरणी होते. शेतात भाताच्या मागे राहिलेल्या ओलीवर वाल टाकला जातो. आणि याच दिवसांत घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते. काल संध्याकाळी रोपे उभी होती, सकाळी पाहावे तर अर्धा वाफा साफ. आळ्यात सहा बिया टोचल्या होत्या, सहाही उकरून नेल्या आणि मागे फक्त टरफले ठेवली.

पुढे काय होते तेही आपल्याला ठाऊक आहे. बाजारातून विषाची पुडी येते, पिठाच्या गोळ्यात मिसळली जाते आणि रात्री वाफ्याच्या कडेला ठेवली जाते. सकाळी त्याच वाफ्याशेजारी कोंबड्या सोडल्या जातात आणि मुले खेळायला येतात. आम्हाला वाचक भगिनींना इथेच थोडे थांबवायचे आहे. रोपाला राखणीची खरी गरज असते ती पहिल्या पंधरा-वीस रात्री. एवढ्या रात्री आडोशाने, जाळीने, पिंजऱ्याने निभावता येतात. त्यासाठी घराच्या अंगणात विष आणण्याचे कारण नाही.

हा त्रास नेमका याच दिवसांत का होतो, ते आधी पाहू. पावसाळाभर शेतात भात उभे असते. कणसात दाणा भरू लागला की उंदरांची चंगळ होते आणि त्यांची वीणही त्याच सुमारास वाढते. मादी साधारण तीन आठवड्यांत विते आणि एका वेताला सहा-आठ पिल्ले सहज होतात. आपल्या शेतात बांध पोखरणारा जो जाडजूड, करड्या अंगाचा, आखूड शेपटीचा उंदीर असतो, तो घुशीचाच धाकटा भाऊ. शास्त्रज्ञ त्याला बँडिकोटा बेंगालेन्सिस म्हणतात. तो नुसता खात नाही, साठवतोही. बांधातले त्याचे बिळ उकरले तर आत भाताच्या लोंब्यांची कोठी सापडते. मग कापणी होते. दोन-चार आठवड्यांत शिवार उघडे पडते आणि वाढलेल्या पोटांना खायला काही उरत नाही. उरते ते फक्त आपले परस: ओली माती, कोवळे कोंब, घराच्या कडेचे उकिरडे आणि ओटीवरची भाताची पोती.

पेणच्या खारेपाटात, वाशी-शिर्कीच्या बाजूला, हा त्रास आणखी जाणवतो. तिथे भातानंतर जमिनीत मीठ वर येऊ लागते आणि बहुतेक शेत पुढच्या पावसापर्यंत पडून राहते. हिरवे म्हणून जे काही दिसते ते घरामागे, मोरीच्या सांडपाण्यावर. खाडीचे पाणी अडवणारे बांध तर उंदीर आणि खेकडे मिळून वर्षभर पोखरत असतात. उधाणात एखादी खांड पडली, की खारे पाणी थेट भातशेतीत शिरते. त्यामुळे उंदराचा बंदोबस्त म्हणजे काय, हे खारेपाटातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. रोह्याकडे चित्र निराळे आहे. कुंडलिकेवरच्या डोलवहाळ बंधाऱ्यातून निघालेल्या कालव्यांचे पाणी उन्हाळ्यातही फिरते, काही ठिकाणी उन्हाळी भातही होते. म्हणजे तिथल्या उंदराला उपास नाही, पण कालव्याच्या भरावात त्याला बारमाही घर मिळते. दोन्हीकडे नुकसान तेच. पेणला ते कार्तिकात एकदम येते, रोह्याला सावकाश चालू राहते.

आता चोर ओळखण्याविषयी. सकाळी वाफा उजाड दिसला की दोष उंदराला देणे सोपे असते, पण दरवेळी तो खरा नसतो. रोप जमिनीलगत कापलेले आहे आणि तिथेच आडवे पडले आहे, तर शेजारची माती बोटाने एक-दोन इंच उकरून पाहावी. गुंडाळी करून पडलेली मळकट अळी सापडली तर ती रोपे कुरतडणारी अळी. ती रात्री कापते आणि दिवसा मातीत लपते. पानांना वेडीवाकडी भोके आणि मातीवर चकचकीत ओघळ असेल तर गोगलगाय. माती सगळीकडे विस्कटली आहे, रोपे उपटून बाजूला पडली आहेत, तर बहुधा आपलीच कोंबडी. उंदीर देठ तिरका आणि स्वच्छ कापतो, बऱ्याचदा शेंडा उचलून नेतो, बी उकरतो आणि टरफल फोडून गर खातो. आसपास काळ्या लेंड्या असतात. कडेला ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग दिसला तर तो धाकट्या घुशीचा. ती दिवसा बिळाचे तोंड आतून मातीने बंद करून घेते.

इथे चिचुंद्रीसाठी चार शब्द बोलायला हवेत. लांब नाकाची, उग्र वासाची ही बिचारी उंदीर समजून मारली जाते. ती उंदीर नाहीच. किडे, अळ्या, झुरळे हा तिचा आहार. म्हणजे वर सांगितलेली कुरतडणारी अळी जी खाते, तिलाच आपण चपलेने मारतो.

बिळे दिसली म्हणजे सगळी चालू आहेत असे नसते. जुनी शेतकरी मंडळी एक साधी रीत वापरतात आणि कृषी खातेही तीच सांगते. संध्याकाळी परसातली, बांधावरची सगळी बिळे मातीने बुजवावीत. सकाळी जी पुन्हा उघडलेली दिसतील, तीच वस्तीची. वीस बिळांतली पाच-सहाच निघतात आणि काम एकदम आटोक्यात येते.

आता राखण. नारळाच्या खोडाला माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर पत्र्याचा पट्टा मारलेला आपण कोकणात जागोजागी पाहतो. उंदराची नखे खडबडीत खोडावर रुततात, गुळगुळीत पत्र्यावर घसरतात, एवढाच त्यातला विचार. रोपांसाठी हाच विचार खाली जमिनीवर आणायचा आहे.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रोपे जमिनीवर करायचीच नाहीत. बांबूचा कमरेएवढा उंच माच बांधावा, वर ट्रे, जुने टोप, फुटक्या बादल्या किंवा माती भरलेल्या पिशव्या ठेवाव्यात. माचाच्या चारही पायांना मध्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळावा. पट्टा किमान एक फूट रुंद हवा. माच भिंतीपासून, झाडापासून आणि कपड्यांच्या दोरीपासून तीन-चार फूट दूर असावा, नाहीतर उंदीर उडी मारून येतो आणि पत्रा नुसता शोभेला राहतो. वांगी-मिरचीचे रोप या माचावर चार-सहा आठवडे काढू शकते आणि हातभर राठ झाल्यावरच जमिनीत जाते. काकडी, दुधी, कारली, कलिंगड यांच्या बिया तर थेट आळ्यात टोचूच नयेत. या वेलवर्गीय बियांतला गर तेलकट आणि गोडसर असतो, उंदराला तो मातीखालूनही वासाने सापडतो. पिशवीत बी लावून दोन-तीन खरी पाने आली, म्हणजे साधारण बारा-पंधरा दिवस झाले, की पिशवी फाडून मातीच्या गड्ड्यासह रोप आळ्यात ठेवावे. वेलाची मुळे हलवलेली सोसत नाहीत, म्हणून गड्डा फुटू देऊ नये. बी फुटून त्यातला गर संपला की उंदराला त्या रोपात फारसा रस राहत नाही.

ज्यांना गादीवाफाच करायचा आहे, त्यांनी जाळी घ्यावी. बाजारात कोंबड्यांची षटकोनी भोकांची जाळी मिळते, ती उपयोगाची नाही. लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या भोकातूनही आत शिरतो. पाव इंची चौकोनी लोखंडी जाळी मागावी. वाफ्याभोवती फूटभर खोल चर काढून जाळी त्यात पुरावी आणि तळाशी ती बाहेरच्या बाजूला वीतभर वळवावी. उंदीर कुंपणाशी येऊन सरळ खाली उकरतो आणि त्या वळवलेल्या जाळीवर अडकतो, मागे जाऊन उकरण्याची अक्कल त्याला सहसा सुचत नाही. जमिनीवर दोन फूट जाळी आणि तिच्या वरच्या कडेला बाहेरून पत्र्याची पट्टी. वाफा लहान असेल तर वरूनही जाळीचे झाकण घालावे, म्हणजे कोंबड्या आणि खारींचाही प्रश्न मिटतो. खर्च आहे, नाही म्हणत नाही. पण नीट काढून ठेवली तर ही जाळी अनेक वर्षे टिकते आणि विषाची पुडी दरवर्षी लागते.

आग्नेय आशियातल्या भातशेतीत याच कल्पनेचा मोठा प्रयोग झाला आहे. मलेशियात 1980 च्या दशकात शेताभोवती प्लास्टिकचे कुंपण घालून त्यात ठरावीक अंतरावर भोके ठेवली आणि प्रत्येक भोकाच्या आत पिंजरा बसवला. उंदीर कुंपणाच्या कडेने चालत जातो, भोक दिसले की शिरतो आणि पिंजऱ्यात सापडतो. पुढे फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनेही या पद्धतीवर काम केले. परसबागेत एवढा पसारा नको, पण त्यातली एक गोष्ट उचलावी: पिंजरा वाफ्याच्या मधोमध कधीच ठेवू नये. उंदराला उघड्यावर चालायला भीती वाटते. तो भिंतीच्या, कुंपणाच्या, लाकडांच्या कडेने जातो. पिंजरा तिथे हवा.

आणि घाई नको. नवी वस्तू दिसली की उंदीर दोन-तीन दिवस तिच्यापासून लांब राहतो. म्हणून पिंजऱ्याचे दार तारेने बांधून उघडे ठेवावे आणि रोज आत थोडे खाणे टाकावे. तिसऱ्या-चौथ्या रात्री, तो निर्धास्त झाला की, तार सोडावी. आपल्याकडे आमिषाचा प्रश्न नाही. भाजलेला सुका बोंबील, सुकट किंवा खोबऱ्याचा तुकडा यांपुढे बाजारातली कुठलीही वस्तू फिकी. एका पिंजऱ्याने भागत नाही, तीन-चार एकदम लावावेत.

सापडलेल्या उंदराचे काय करायचे, हा प्रश्न अनेक जण विचारतात. दूर नेऊन सोडला तर तो दुसऱ्याच्या परसात जातो. मारण्याला आपल्या दीनात मनाई नाही. इहरामच्या अवस्थेतही ज्या उपद्रवी जीवांना मारण्याची मुभा हदीसमध्ये आहे, त्यांत उंदीर येतो. पण मारायचे तेही त्रास न देता, झटक्यात. जिवंत जाळणे तर पैगंबरांनी (स.) स्पष्ट मना केले आहे. पिंजऱ्यावर रॉकेल ओतणारे, शेपटीला चिंधी बांधून पेटवणारे तरुण आम्ही पाहिले आहेत. हा खेळ नव्हे, आणि गंजीत शिरलेल्या अशा उंदराने घर पेटवायला वेळ लागत नाही. चिकट पुठ्ठ्याचे सापळेही आम्हाला पटत नाहीत. उंदीर त्यावर तासन् तास तडफडतो आणि कधी पाल, कधी चिमणी, कधी मांजराचे पिल्लू अडकते.

आता विषाकडे येऊ. शेतकऱ्यांच्या ओळखीचे काळे चूर्ण म्हणजे झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी त्याचा संबंध आला की फॉस्फीन नावाचा विषारी वायू तयार होतो. त्यावर उतारा नाही. मोठ्या शेतावर, बांधावरच्या चालू बिळांत, कृषी सहायकाच्या सल्ल्याने ते वापरले जाते. तिथेही आधी दोन-तीन दिवस बिनविषारी खाणे द्यावे लागते, कारण एकदा पोट बिघडलेला उंदीर त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही. परसात मात्र हे चूर्ण येताच कामा नये. दुसरे मिळते ते ब्रोमाडिओलोनचे तयार तुकडे. ते रक्त गोठू देत नाही. उंदीर लगेच नाही, काही दिवसांनी मरतो. यावर जीवनसत्त्व के हा उतारा आहे, पण तो डॉक्टरांच्याच हाताने. आणि उशिराने मारणाऱ्या विषाची गोम ही, की मुलाने तुकडा चघळला तरी पहिल्या दिवशी ते हसत-खेळत असते. 'काही झाले नाही' म्हणून घरी बसलेल्या आई-वडिलांना दोन-तीन दिवसांनी हिरड्यांतून रक्त दिसते. ट्यूबमधले पिवळ्या फॉस्फरसचे मलम तर सर्वांत वाईट. ते दात घासायच्या पेस्टसारखे दिसते आणि यकृत निकामी करते. विष पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी मीठ-पाणी पाजून उलटी करवण्यात वेळ घालवू नये. पुडी किंवा वेष्टन सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे.

विष खाल्लेला, गुंगलेला उंदीर मांजराला सहज सापडतो, घुबडालाही. म्हणजे ज्यांनी आपले काम फुकटात केले असते, तेच आधी जातात. गव्हाणी घुबडाला आपल्याकडे अपशकुनी मानतात, आणि मोहल्ल्यातही हा समज घट्ट आहे हे कबूल करावे लागेल. अरबस्तानातही घुबडाविषयी असेच समज होते आणि पैगंबरांनी (स.) ते निराधार ठरवले, हे हदीसच्या ग्रंथांत नमूद आहे. इस्राएल, जॉर्डन आणि पॅलेस्टाइन या एकमेकांशी न पटणाऱ्या भूमींतले शेतकरी आज आपापल्या शेतात गव्हाणी घुबडासाठी लाकडी पेट्या टांगतात, कारण पिल्ले असलेले जोडपे रात्रभर उंदीर वाहत असते. धामणीचेही तसेच. ती बिनविषारी आहे, तिचा जन्मच उंदरांमागे जातो, आणि दिसली की काठी पडते ती तिच्यावरच.

काही जण वाफ्याभोवती वीजप्रवाहाची उघडी तार लावतात. याबद्दल आम्हाला एकच वाक्य लिहायचे आहे: उंदरासाठी लावलेल्या तारेला चिकटून माणसे मेली आहेत, बहुतेक वेळा घरचीच, आणि हा गुन्हा आहे. डांबराच्या गोळ्या भाजीच्या मातीत पुरणेही नको. लसूण-मिरचीचे पाणी, पुदिना, आवाज करणारी यंत्रे यांनी दोन-चार रात्री फरक दिसतो, मग उंदीर सरावतो. ज्यांना करायचे त्यांनी करावे, पण जाळीऐवजी नव्हे.

शेताच्या बांधावरच्या बिळांसाठी आपल्या दोन्ही तालुक्यांत विषाहून जुना आणि पक्का उपाय आहे, तो म्हणजे कातकरी बांधव. बिळाचे तोंड पाहून आत उंदीर आहे की साप, दुसरे तोंड कुठे निघते, कोठी किती खोल आहे, हे ते अचूक सांगतात. कापणीनंतर बांध खोदून उंदीर पकडणे आणि बिळातले भात गोळा करणे हा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज. त्या भातावर हक्क त्यांचाच समजावा आणि खोदाईची मजुरी वेगळी द्यावी. पाच रुपयांचे विष वाचवले म्हणून त्यांना चहावर वाटेला लावणे शोभत नाही. ज्या बांधावर ते येणार आहेत, तिथे आधी विष टाकलेले असेल तर ते न विसरता सांगितले पाहिजे. ते उंदीर खाण्यासाठी नेतात.

परसात मात्र सगळ्यांत मोठे काम झाडूचे आहे. वाफ्यापासून पाच-सहा फुटांत गवत, पेंढा, लाकडे, कौलांचा ढीग नको. कोंबड्यांचे दाणे संध्याकाळी उचलून घ्यावेत. रात्रीचे खरकटे वाफ्याला खत म्हणून टाकण्याची सवय चांगली वाटते, पण ते उंदराला दिलेले आमंत्रण असते. ओला कचरा झाकणाच्या पिंपात कुजवावा. भाताची पोती जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवावीत.

उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, हे कोकणात तरी सर्वांना माहीत असायला हवे. 2005 च्या जुलैतल्या महापुरानंतर मुंबईत या तापाने किती जणांना गाठले, ते अजून विस्मरणात गेलेले नाही. ओल्या वाफ्यात अनवाणी उभे राहू नये. पायाला चीर, भेग असेल तर मुळीच नाही. पिंजरा धुताना आणि मेलेला उंदीर पुरताना हातात रबरी मोजे हवेत, खड्डा दोन फूट खोल हवा. ताप, डोळे लाल, पोटऱ्या ठणकणे असे दिसले तर डॉक्टरांना 'परसात काम करते, उंदीर आहेत' हे आपण होऊन सांगावे. वेळेत ओळखला तर हा ताप साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो.

शेतावरच्या वालाचा मात्र माच करता येत नाही, जाळीही परवडत नाही. तिथे सगळ्या गावाने एकाच आठवड्यात बांध पाहिले तरच उपयोग. एकाने बिळे बुजवली आणि शेजाऱ्याने नाही, तर उंदीर फक्त बांध ओलांडतो. पेरणीच्या आधीचा आठवडा यासाठी उत्तम. रोह्याजवळ किल्ला येथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. गावातल्या दहा-बारा जणांनी मिळून विचारणा केली तर मार्गदर्शन तिथे मिळते, पेणकरांनाही. वाल राखला नाही तर पौष-माघात पोपटीच्या मडक्यात घालायला शेंगा बाजारातून आणाव्या लागतील. भांबुर्डीचा पाला फुकट आणि शेंगा विकत, याला रायगडात पोपटी म्हणत नाहीत.

जाळी वाफ्यावर किती दिवस ठेवावी? रोपाचा देठ पेन्सिलीइतका जाड आणि खालून तपकिरी झाला, की झाकण काढायला हरकत नाही. बाजूची जाळी टोमॅटोला फळ लागेपर्यंत राहू द्यावी, कारण पिकलेल्या फळावर उंदीर पुन्हा येतो. मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या पावसाआधी, ती उपसून माती झटकावी आणि तेलाचा बोळा फिरवून माळ्यावर टांगावी. जूनमध्ये पडवळ आणि शिराळ्याच्या बिया टोचताना तीच पुन्हा लागते.